जहाजाला तोंड असते

मध्यमवर्गीय माणूस निवृत्त झाला की त्याला तीनांपैकी एक व्याधी जडते : ज्योतिष, होमिओपथी किंवा फोटोग्राफी. पहिल्या दोहोंत शेजाऱ्यापाजाऱ्यांचा थोडाफार फायदा तरी होतो. मला तिसरी जडली.

फोटोग्राफीतही पोटजाती आहेत. पक्षीवाले, फुलंवाले, देवळंवाले. आमची पोटजात सूर्योदयवाल्यांची. मुंबईत सूर्य समुद्रात बुडतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो समुद्रापलीकडून उगवतोही, हे फक्त पूर्वेच्या बंदराकडे तोंड करणाऱ्यालाच ठाऊक. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसहाला अपोलो बंदरच्या कठड्याशी जाऊन पाहा. कानटोप्या घातलेली दहा-पंधरा माणसं तिपायांवर कॅमेरे चढवून उभी असतात. समोर मालवाहू जहाजं नांगर टाकून पडलेली. उरणकडच्या डोंगरांमागून सूर्य डोकावला की सगळ्यांचे कॅमेरे एकदम कडकडतात. पाच मिनिटांत खेळ खलास. मग इराण्याकडे चहा.

कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे असल्यामुळे फोटोत जहाज येतं ते काळंकुट्ट, पुठ्ठ्यातून कातरून काढल्यासारखं. आम्हाला ते तसंच हवं असतं. मग त्याला नाव द्यायचं. 'प्रतीक्षा', 'निःशब्द', 'शांत सागरी'. माझ्या फोटोचं नाव होतं 'ध्यानस्थ'. तो मी मोठा करून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. त्यासाठी वाण्याकडून आलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात हलवावं लागलं, त्याबद्दल आमच्या हिने मला अजून माफ केलेलं नाही.

एके दिवशी खालच्या मजल्यावरचे सारंगकाका वर्तमानपत्र परत द्यायला आले. काका मूळचे गुहागरकडचे. जन्म जहाजावर गेला. खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून उतरले. फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मी दाद घ्यायला शेजारी जाऊन उभा राहिलो.

"सगळ्यांची तोंडं डावीकडं, शिवडीच्या अंगाला. म्हणजे ओहोटी चालू होती," काका म्हणाले. "पण नाव कुठाय जहाजाचं?"

"दिसत नाही."

"बावटा कुठला?"

"काळा आलाय."

"भरलेलं होतं की रिकामं? रिकामं असलं तर खालचा लाल रंग पाण्यावर दिसतो."

"तोही काळाच आलाय, काका."

"आन् माणसं?"

मी गप्प. काकांनी चौकटीखालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "साहेब, ध्यान लावून बसायला आम्ही काय ऋषी होतो? नांगरावर काम थांबत नाय. गंज खरवडा, रंग मारा, रात्री पहारा करा, नांगर घसरतोय का बघा. एकदा ह्याच बंदरात तीन आठवडे पडून होतो. गिरगावात भावाचं घर. शहराचे दिवे मोजायचे आन् झोपायचं. उतरायला परवानगी नाय."

त्या दिवसापासून मी फितूर झालो. आता स्वतःच्याच पोटजातीविरुद्ध तक्रार गुदरतो आहे.

माझा पहिला आक्षेप 'शांत' ह्या शब्दावर. जहाज बाहेर का थांबतं? धक्क्यावर जागा नसते, पुरेशी भरती नसते, कागद अडलेले असतात. शिवाय ह्या धंद्याची रीत आपल्या एस्टी स्टँडसारखीच आहे. आधी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा, मग थांबायचं. जहाजंही बंदरापाशी पोचून 'आम्ही तयार आहोत' अशी लेखी नोटीस देतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. माल चढवायला-उतरवायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला की डेमरेज. ते मिळतं जहाज चालवणाऱ्या कंपनीला. कठड्याला रेलून दिवे मोजणाऱ्याला पगार तोच. म्हणजे आपण ज्याला ध्यान म्हणतो ती एक रांग आहे. रेशनच्या रांगेचा फोटो काढून खाली 'समाधी' लिहिलं तर रांगेतल्या बायका कॅमेरा शाबूत ठेवतील का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२० साली सगळं जग घरात बसलं, तेव्हा ही माणसं जहाजावर अडकली. करार संपलेले, बदली माणूस येऊ शकत नाही, बंदर उतरू देत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस अशा अडकलेल्यांचा आकडा सुमारे ४ लाख होता, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज. काकांचा पुतण्या त्यातलाच एक. नऊ महिन्यांसाठी गेला तो पंधरा महिन्यांनी घरी आला. मुलगी चालायला लागलेली, त्याला बघून रडायला लागली. आपण मात्र तेव्हा घरबसल्या एकमेकांना जुने सूर्योदय पाठवत होतो. खाली 'सुप्रभात'.

काही मालक तर कर्ज झालं की माणसांसकट जहाज सोडून देतात. पगार बंद, तेल बंद, शेवटी पाणीसुद्धा तुटपुंजं. असं वाऱ्यावर सोडलेलं जहाज आणि भरल्या पोटाचं जहाज, दोन्ही सूर्योदयाच्या फोटोत सारखीच सुंदर काळी दिसतात. माझं भांडण नेमकं इथे आहे.

"अहो, पण ती कला आहे!" आमचे कानटोपीबंधू म्हणतील. असू द्या. पण जगातला ८० टक्क्यांहून अधिक माल ह्याच जहाजांतून इकडून तिकडे जातो. ज्यांच्या पाठीवर आपला बाजारहाट चालतो, त्यांच्या तोंडाला काळं फासायचं आणि त्याला कला म्हणायचं? बरं, लेन्स तर अशा की चंद्रावरचे खड्डे मोजता यावेत.

आणि उपाय किती सोपा! दुपारी चारनंतर त्याच कठड्याशी जा. सूर्य आता आपल्या पाठीशी असतो. त्याचा उजेड थेट जहाजांवर पडतो. नाव, बावटा, लाल पोट, सगळं लख्ख. पण तेव्हा कठड्याशी आमच्यातलं चिटपाखरू नसतं. सगळे मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त टिपायला गेलेले! ज्या वेळी जहाजांची तोंडं उजळतात, नेमक्या त्याच वेळी आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवतो.

परवा काकांना घेऊन दुपारी गेलो. जहाजाच्या नाळेवर नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ, मागे दोरीवर वाळत घातलेले दोन शर्ट आणि कठड्याशी एक माणूस. काकांनी हात वर केला. एवढ्या लांबून दिसणार काय, कपाळ! पण काका हात वर धरून उभेच राहिले. मी बटण दाबलं.

तो फोटो आमच्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेला पाठवला. आठ दिवसांत परत आला. शेरा : "सूर्य कुठे आहे?"

मी तो कपाटावर टाकून दिला होता. संध्याकाळी पाहतो तर आमच्या हिने 'ध्यानस्थ' खाली उतरवून त्याच्या जागी हा लावलेला, आणि चष्मा लावून त्याच्यापुढे उभी. म्हटलं, निदान घरात तरी रसिक निघाला!

"कसा वाटतो?"

"अहो," ती म्हणाली, "त्या दोरीवरच्या शर्टांना चिमटे नाहीत. वाऱ्याने गेले म्हणजे तो बिचारा घालणार काय?"