इंजिन बदललं, पुली तीच. घरचं सोयाबीन बियाणं उगवणार कसं?

चिखली : सोयाबीनची मळणी आली की डिझेलचा खर्च डोळ्यांवर येतो. मग थ्रेशरचं जुनं इंजिन काढून मोटार बसवली जाते. हॉर्सपॉवर जुळवतात, गती मात्र कुणी पाहत नाही.

समजा, जुनं इंजिन मिनिटाला 850 फेरे फिरतं. त्यावर 8 इंची पुली अन् ड्रमवर 16 इंची, म्हणजे ड्रमचे 425 फेरे. बियाण्याच्या मळणीला साधारण 400 ते 500 फेरेच सांगितले जातात. मोटार असते 1440 फेऱ्यांची. पुली तीच राहिली तर ड्रम थेट 720 वर जातो! डाळ झालेला दाणा निदान दिसतो तरी. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. अख्ख्या दाण्याला आतून बसलेला मार जूनमध्येच कळतो.

मोटारीवर पावणेपाच इंची पुली घेतली की ड्रम पुन्हा 428 च्या आसपास येतो. लहान पुलीवर पट्टा घसरतो, तेवढा ताण पाहावा. थ्री फेज रात्रीच मिळाली तर मळणीही रात्रीच, ते वेगळं दुखणं.

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानंही दखल घेतली. ते बियाणं विकतचं होतं. घरच्या बियाण्याची तक्रार करायची कुणाकडे?

पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. उगवण 70 च्या खाली असेल तर प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणं जास्त लागतं.