जिताड्याची पिल्ले कोठे जातात ?

रायगड जिल्ह्याच्या खारपट्ट्यास जिताडा हा मासा नवा नाही. पावसाळ्यात खाडीत शिरणारी त्याची पिल्ले पकडावयाची, गावतळ्यात किंवा घरामागील तळ्यात सोडावयाची, आणि पुरेशी वाढ झाली म्हणजे सणासुदीस अथवा पाहुण्यांसाठी काढावयाची, ही पेण-अलिबागकडील जुनी रीत आहे. या रीतीत पिल्ले थोडी असत आणि त्यांच्याबरोबर तळ्यात कोळंबी, बोईट व इतर बारीक मासळीही असे. जिताड्यास लागणारे भक्ष्य तळ्यातच तयार असल्यामुळे तो आपल्या भावंडांच्या वाटेस फारसा जात नसे. गेला तरी ते कोणाच्या ध्यानात येत नसे.

आता परिस्थिती पालटली आहे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बंदिस्त अवस्थेत प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर बीजोत्पादन केंद्रातील बीज शेतकऱ्यास विकत मिळू लागले. हे बीज हजारांनी येते, एकाच वयाचे असते, आणि ज्या तळ्यात ते सोडले जाते तेथे पुष्कळदा दुसरे खाण्याजोगे काहीच नसते. दोन महिन्यांनी जाळे ओढले की मूठभर मासे हाती लागतात. मग रोगाची शंका घेतली जाते, पाण्यास दोष दिला जातो, राखणदारावर संशय जातो, नाही तर बीज देणाऱ्याने मोजणीत फसविले असे ठरते. यांपैकी एखादे कारण क्वचित खरेही असेल. परंतु बहुतेक वेळा ही पिल्ले तळ्याबाहेर गेलेलीच नसतात; ती जाळ्यात आलेल्या मूठभर माशांच्या पोटात गेलेली असतात.

रोहू, कटला व मृगळ यांच्या संगोपनाची सवय झालेल्या शेतकऱ्यास ही गोष्ट पटण्यास जड जाते. या तीन माशांची पिल्ले एकमेकांस खात नाहीत. त्यांचे शत्रू म्हणजे पाणकिडे, बेडूक, पक्षी आणि तळ्यात आधीपासून असलेली मांसाहारी मासळी. शत्रू काढून टाकले, शेण घालून प्लवंग वाढविले, की काम पुष्कळसे झाले. जिताड्याच्या बाबतीत मात्र शत्रू बीजाच्या पिशवीतूनच येतो. साधारण एक ते पाच सेंटिमीटर लांबीच्या अवस्थेत हे पिल्लू आपल्या लांबीच्या निम्म्यापासून जवळजवळ दोन-तृतीयांशापर्यंत लांब असलेले भावंड गिळू शकते. चार सेंटिमीटरच्या पिल्लास दोन सेंटिमीटरचे पिल्लू हा एक घास होय. घास मोठा असला तर तो अर्धवट गिळलेला, शेपूट तोंडाबाहेर राहिलेली, अशा स्थितीतही दिसतो.

नुकसान किती वेगाने होते हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, तळ्यात एक हजार पिल्ले सोडली आणि त्यांतील केवळ वीस इतरांपेक्षा झपाट्याने वाढली. या विसांनी रोज एकेक भावंड खाल्ले तर तीस दिवसांत सहाशे पिल्ले नाहीशी होतात. आणि भावंडे खाणारा मासा अधिक वेगाने वाढतो; म्हणजे जे अंतर मूळ कारण होते ते रोज वाढतच जाते.

रोग आणि ही आपसांतील खादाडी यांतील फरक ओळखणे कठीण नाही. रोगाने मासे मेले तर मेलेले मासे कडेला लागतात, वर तरंगतात, दुर्गंधी सुटते. येथे प्रेत दिसत नाही. पक्ष्यांनी नेले, चोरी झाली किंवा उघाडीच्या फटीतून पिल्ले निसटली, तरी प्रेत दिसत नाही हे खरे; म्हणून दुसरी खूण पाहावी. उरलेल्या माशांत काही फारच मोठे, पोट फुगलेले, आणि काही खुरटलेले, शेपटी कुरतडलेले असतील, तर औषधाची बाटली विकत घेण्याचे कारण नाही.

यावर काही अनुभवी शेतकरी असे म्हणतात की, दुबळे जातात आणि दणकट राहतात, त्यात बिघडले काय ? हा युक्तिवाद ऐकण्यास बरा आहे. परंतु गेलेले प्रत्येक पिल्लू पैसे मोजून घेतलेले असते, आणि पिल्लांना पिल्लेच खाऊ घालणे यापेक्षा महागडे खाद्य दुसरे नाही. शिवाय जे लहान राहिले ते जातीने दुबळे असतात असेही नाही. पुष्कळदा त्यांना खाद्यापर्यंत पोहोचूच दिलेले नसते.

म्हणून उपाय दोन ठिकाणी करावा लागतो: आकारात आणि खाद्यात. पिल्ले तळ्यात मोकळी न सोडता प्रथम बारीक जाळीच्या हाप्यांत ठेवावीत आणि लहान अवस्थेत दर तीन ते पाच दिवसांनी त्यांची आकारानुसार निवड करावी. त्यासाठी सारख्या आकाराची भोके पाडलेले पसरट भांडे पुरते. निवड सकाळी, उन्हाच्या आत, पिल्ले पाण्याबाहेर न काढता करावी. हाताळणीने पिल्ले मरतात ही तक्रार घाईगर्दीच्या कामापुरती खरी आहे. एकदा निवड केली म्हणजे सुटलो असे मात्र नाही. आठवड्याच्या आत नवे मोठे आणि नवे लहान पुन्हा तयार होतात.

खाद्याच्या बाबतीत कंजुषी हीच खरी चूक होय. ताज्या मासळीचा बारीक खिमा द्यावयाचा असल्यास पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या एकूण वजनाइतका, दुसऱ्यात सुमारे ६० टक्के आणि तिसऱ्यात ४० टक्के, हे प्रमाण प्रचलित आहे. हे खाद्य दिवसातून अनेक वेळा विभागून, थोडे थोडे, आणि पसरून टाकावे. जिताडा पाण्यात खाली जाणारा घास टिपतो; तळाशी बसलेला सहसा उचलीत नाही. एकदम टोपली उपडी केली की धीट पिल्ले चार घास घेतात, बाकीचे खाद्य चिखलात कुजते आणि भित्री पिल्ले उपाशी राहतात. खाद्य टाकण्यापूर्वी ठरलेल्या जागी पाण्यावर थापटण्याची सवय लावली तर सर्व पिल्ले तेथे जमतात.

पिल्ले दहा सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे चार इंचांची झाली की या खादाडीचा जोर पुष्कळ ओसरतो. येथेच खरा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. ज्या शेतकऱ्याजवळ हापे नाहीत आणि दर चौथ्या दिवशी निवड करण्यास माणूस नाही, त्यास इंचभर लांबीचे स्वस्त बीज देणे हे त्यास मदत करणे नव्हे. त्याने संख्येने कमी परंतु चार इंची, एकसारखी बोटुकलीच घ्यावीत. गावातील चार-पाच तळेवाल्यांनी मिळून एकाच जागी हापे लावले आणि काम एका जबाबदार हाताकडे सोपविले, तर लहान बीज आणणेही परवडेल.

मरळ माशाचे बीज आणणाऱ्या अंतर्भागातील शेतकऱ्यांसही हीच दक्षता लागू आहे. नदी-तलावांत मरळीची पिल्ले नर-मादीच्या राखणीत थव्याने फिरताना दिसतात, म्हणून ती गुण्यागोविंदाने राहतात असा समज होतो. टाकीत उपाशी ठेवली म्हणजे तो लवकरच दूर होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या नोंदवहीत सोडलेल्या बीजाची संख्या तेवढी ठळक अक्षरांत लिहिली जाते, आणि तेथेच नोंद संपते. त्या संख्येशेजारी बीज सोडण्याच्या दिवशीची सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या पिल्लाची लांबी, तसेच तिसाव्या व साठाव्या दिवशी हाप्यात प्रत्यक्ष मोजलेली संख्या, असे आणखी तीन रकाने आखावेत. पहिल्याच दिवशी मोठे पिल्लू लहानाच्या दुप्पट लांबीचे आढळले, तर ती पिशवी निवड केल्यावाचून तळ्यात रिती करू देऊ नये.