सुरतेला दोघंच

आपल्याकडे लग्नाचा वाढदिवस कसा साजरा होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी देवाला हार, दुपारी पुरणपोळी (सासूबाई कन्नड असल्या तर होळगी, चव तीच), आणि संध्याकाळी मुलांनी हट्टाने आणवलेला केक. केक मुलांना आवडतो तो, हॉटेल मुलांना आवडतं ते, आणि फोटोत मध्यभागी मुलंच. नवरा-बायको दोन कडांना उभे! यात वाईट काहीच नाही. पण वर्षातला जो एक दिवस नावापुरता तरी दोघांचा, त्या दिवशीही दोघांत होणारं बोलणं म्हणजे 'गॅस बंद केलास का' आणि 'बिल दिलंत का'.

यंदा आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. निपाणीचं माहेर आणि अथणीचं सासर सोडून यांच्या नोकरीपायी आम्ही वापीला आलो. एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर! इथून सुरत शंभर किलोमीटरच्या आत. तिथे जाऊन यायचं बोलणं तीन वर्षं चालू होतं. दर वर्षी कुणाची तरी परीक्षा, कुणाचा तरी ताप. या डिसेंबरात सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांनीच विषय मिटवला. म्हणाल्या, "होगि बर्रि, ना इद्दीनी." जाऊन या, मी आहे. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. अगदी तान्ही नव्हेत. तरी शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "मुलांना सोडून?" जणू आम्ही त्यांना स्टेशनवर ठेवून निघालो होतो.

सासूबाईंना काळजी होती ती वेगळीच. त्यांच्या मनात सुरत म्हणजे १९९४ चा प्लेग. तोंडाला रुमाल बांधून गाड्यांना लोंबकळत गाव सोडणारी माणसं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. मग मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रोज रस्त्यावर उतरवलं. त्याच सुरतेने २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला नंबर घेतला. "असं असेल तर मग ठीक," असं म्हणून त्यांनी आमच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरली.

शुक्रवारी यांची शिफ्ट संपल्यावर संध्याकाळची फ्लाइंग राणी पकडली. या गाडीला १९७९ पासून २०२३ पर्यंत दुमजली डबे होते. ते आता गेले, गर्दी मात्र तीच आहे. बसायला जागा मिळाली आणि मग एक गंमत झाली. आम्ही आधीच ठरवलं होतं की मुलांचा विषय काढायचा नाही, घरी फोन करायचा तो सकाळी एक आणि रात्री एक. झालं! वलसाड येऊन गेलं तरी दोघांनाही दुसरा विषय सुचेना. फी, क्लास, दूधवाला, सिलिंडर वजा केले तर उरलं काय? हे खिडकीबाहेर बघत होते, मी पिशवीचे बंद सोडत-बांधत होते. भांडण नव्हतं, राग नव्हता. बोलायची सवयच मोडली होती. मैत्रिणींनो, ही शांतता तुमच्याही घरात असेल. मुलांच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही, एवढंच.

सकाळी लोचो खाल्ला आणि जरा मोकळं झालो. हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं सैलसर पीठ, त्यावर तेल, मसाला, कांदा आणि शेव. खमण बिघडला आणि लोचो झाला, असं सुरतवाले हसत सांगतात. रिक्षावाल्याशी हे हिंदीत बोलायला लागले, तर तो अहिराणी वळणाच्या मराठीत उत्तरला. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो घरं आहेत. कामधंद्यासाठी ताप्तीच्या काठाकाठाने माणसं इथवर आली आणि इथलीच झाली. आपल्यासारखीच ही दोन भाषांतली माणसं. आपल्याकडे दुसरी कन्नड, त्यांच्याकडे गुजराती.

कापड बाजारात गेल्याशिवाय सुरत कशी होणार? रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका दुकानात मी एक साडी बाजूला काढली. आता भाव करताना आपल्या घरांत काय चालतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुकानदार मराठी असला की कन्नड, कन्नड असला की मराठी. इथे तर दोन्ही भाषा सुरक्षित! हे हळूच म्हणाले, "भाळ आतु, नडी होगोणु." फार झाले, चल जाऊ. गादीवरचा गुजराती सेल्समन साडीची घडी घालता घालता म्हणाला, "होगब्याडरी अक्का, कूडरी." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग इतके हसलो की बाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हुबळीचे व्यापारी वर्षानुवर्षं त्याच्याकडे माल भरायला येतात, त्यांच्याकडून तो शिकला होता. भाव काही उतरला नाही. साडी घेतली.

दुपारी चौक बाजारचा किल्ला पाहिला. १५४० च्या दशकात तापीच्या काठी बांधलेला, आता महापालिकेने दुरुस्त करून तिथे संग्रहालय केलं आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा मुघल सुभेदार इनायत खान याच किल्ल्यात दडून बसला होता. आपण चौथीच्या पुस्तकातून जी सुरत पाहिली, ती इथे पायाखाली येते. इंग्रजांची वखार तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने राखली. १६६९ मध्ये तो इथेच वारला. कतारगामच्या बाजूला इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात त्याची आणि त्याच्या भावाची एकच मोठी घुमटाची कबर आहे. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता.

खरं तर कबरी बघायला जाणं हा काही वाढदिवसाचा कार्यक्रम नव्हे. पण डच कबरस्तानाची पाटी दिसली तसे हे म्हणाले, "इथे व्हान ऱ्हीड असणार." कोण व्हान ऱ्हीड? मग तिथल्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तो मलबारचा डच अधिकारी. तिथल्या सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती आणि चित्रं त्याने 'होर्तुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथात जमवली. पहिला खंड १६७८ मध्ये अॅमस्टरडॅमला निघाला. मदतीला इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य आणि कोचीनचे तीन कोंकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. या तिघांचं प्रमाणपत्र त्या ग्रंथात देवनागरीत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, युरोपात, देवनागरी! आणि तो ग्रंथकर्ता १६९१ मध्ये वारला आणि सुरतेत पुरला गेला.

हे सगळं ते कन्नडमध्ये सांगत होते. मला समजतं सगळं, पण घरात मुलांमुळे मराठीच चालते. कन्नड उरली आहे ती सासूबाईंशी बोलण्यापुरती. आमच्या ह्यांना मी मशीन आणि शिफ्ट यांपलीकडे एवढं सलग बोलताना क्वचितच ऐकलं असेल. धारवाडला बी.एस्सी.ला त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र होता, हे बायोडाटावर वाचलं होतं. पण पुढे एम.एस्सी.ला नंबर लागला होता, वडील गेल्यामुळे तो सोडून कारखान्यात लागले, हे मला त्या पायरीवर समजलं. सोळा वर्षांत हा विषय निघायला जागाच मिळाली नव्हती. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातल्याशिवाय हा माणूस चहा का घेत नाही, हेही तेव्हाच उमगलं.

मग आम्ही ठरलेला नियम मोडला आणि मुलांविषयी बोललो. पण फी आणि मार्क नव्हे. आमची लेक दहावीनंतर काय करणार यावरून घरात सहा महिने धुसफूस चालू आहे. तिला चित्रकला हवी, यांना इंजिनिअरिंग. त्या दिवशी हे बराच वेळ गप्प राहून एवढंच म्हणाले, "त्या ग्रंथातली चित्रंसुद्धा कुणीतरी काढलीच असतील की." पुढे काय ठरेल ते ठरेल. पण हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीत आणि मुलगी समोर फुरंगटून बसलेली असताना, आलं नसतं.

संध्याकाळी अडाजणला पोंक खाल्ला. पोंक म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, आपला हुरडा; अथणीकडे म्हणतात ती सीतनी! फरक इतकाच की आपण शेतात बसून तळहातावर चोळतो, इथे भाजून मोकळे केलेले हिरवे दाणे तोलून विकतात आणि वर लिंबू-मिऱ्याची शेव देतात. एका पानावर हुरडा, सीतनी आणि पोंक. सासूबाईंसाठी पाव किलो बांधून घेतला.

रविवारी रात्री घरी पोचलो, तेव्हा मुलं आजीशी पत्ते खेळत होती. आम्ही आलो याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. 'आणलं काय?' हा मात्र पहिला प्रश्न. नानखटाईचा पुडा दोन दिवसांत संपला.

आता कुणी म्हणेल, तुमचं ठीक आहे, सासूबाई चांगल्या, पगार नियमित. खरं आहे. मुलांना सांभाळायला कुणी नसेल, घरात आजारपण असेल, तर हे जमत नाही, आणि त्याची खंतही करू नये. पण ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते. नातेवाइकांकडे उतरू नका. तिथे बायको थेट ओट्यापाशी जाते आणि नवरा टीव्हीपुढे. दुसरं जोडपं बरोबर नेऊ नका; बायका एकीकडे, पुरुष एकीकडे होतात. आणि गावं भराभर पाहू नका. एखाद्या पायरीवर निवांत बसायला वेळ ठेवा. सुरतच हवी असं नाही. निपाणीकरांना कोल्हापूर आहे, बेळगावकरांना धारवाड. सोलापूरकरांना विजापूर जवळच. तिथला इब्राहिम रोजा बघा, राजा आणि त्याची राणी ताज सुलताना एकाच छताखाली आहेत.

मुलं चार-सहा वर्षांत शिकायला बाहेर पडतील. मग घरात आपण दोघंच असणार, आणि दिवस मोठा असणार. तेव्हा काय बोलायचं याचा सराव आत्तापासून केलेला बरा. तुम्ही दोघंच असे कधी, कुठे गेला होतात? काय बोललात, ते सांगण्यासारखं असेल तर सदराच्या पत्त्यावर जरूर लिहा. मराठीत लिहा, नाहीतर कन्नडमध्ये. वाचून दाखवायला आमच्याकडे सासूबाई आहेतच.