तिथी नको, तारीख सांगा

दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारहून आणि डांगातून ऊसतोडीची कुटुंबं सुरतेजवळच्या कामरेज-बारडोलीच्या पट्ट्यात उतरतात. तोडीसाठी आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’च म्हणतात. माणसाचं नाव अवजारावरून पडतं, यातच बरंच काही आलं. ऊस संपला की पडाव उठतो. त्यांच्या हक्कांची सभा कुणी जूनमध्ये ठेवली, तर ती ऐकायला मोकळी शेतंच उरतील.

तरीही या भागातल्या संघटनांनी मिळून कार्यक्रमांचं एक सामायिक कॅलेंडर ठेवावं असं म्हटलं, की आक्षेप तयारच असतात.

पहिला आक्षेप असा, की भिंतीवर कालनिर्णय आहे, हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग आणखी कशाला? पण भिंती वेगवेगळ्या आहेत. मराठी घराचं वर्ष गुढीपाडव्याला फिरतं, गुजराती शेजाऱ्याचं दिवाळीच्या पाडव्याला. या दोघांचा महिना निदान अमावास्येला संपतो. लूमच्या कारखान्यातल्या बिहारी कारागिराचा पौर्णिमेला. म्हणून महाशिवरात्र मराठी माणसाला माघात येते आणि बिहारी माणसाला फाल्गुनात, रात्र मात्र एकच. बारा तासांच्या पाळीत लूमवर उभ्या असणाऱ्याला तिथी सांगून काय उपयोग? त्याला तारीख, वार आणि वेळ हवी, म्हणजे पाळी बदलून घेता येते.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. तारीख बदलली तरी जुना निरोप फिरतच राहतो. हे दुखणं मोबाइलच्या आधीचं आहे. रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाचा दिवस आधी ३० मार्च १९१९ ठरला होता, मग तो ६ एप्रिलवर गेला. बदलाची तार दिल्लीत उशिरा पोचली. दिल्लीने ३० मार्चलाच हरताळ पाळला, गोळीबार झाला, माणसं मेली. गोळी झाडणाऱ्यांचा दोष त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण देश सहा तारखेला उभा राहणार होता आणि दिल्ली आठवडाभर आधी एकटी पडली, हेही खरं.

दुसरा आक्षेप पोलिसांबद्दलचा: कॅलेंडर केलं म्हणजे आयती यादी त्यांच्या हाती दिली. पण गांधींनी तर २ मार्च १९३० ला मिठाच्या कायदेभंगाचा बेत थेट व्हाइसरॉय आयर्विनला पत्राने कळवला होता. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, वाटेतले मुक्काम आगाऊ जाहीर होत गेले. १ एप्रिलला सुरत आणि दुसऱ्या दिवशी दिंडोली, तीच दिंडोली जिथे आज गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. आजही परवानगीचा अर्ज गेला, की सभेची तारीख ठाण्यात पोचतेच. अंधारात राहतो तो शेजारच्या संघटनेचा कार्यकर्ता! अर्थात आतल्या बैठका, कार्यकर्त्यांचे पत्ते आणि फोन या कॅलेंडरात येता कामा नयेत. जाहीर कार्यक्रम तेवढेच लिहावेत.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या हाती कॅलेंडर, त्याच्या हाती चळवळ, ही भीती अनुभवातून आलेली आहे. मोठी संघटना आपल्या सभा ठळक लिहील आणि लहानांच्या कोपऱ्यात ढकलेल. पण सामायिक कॅलेंडरला मालक लागतोच असं नाही. संगणकी कॅलेंडरांनी एकमेकांची नोंद वाचावी म्हणून आयकॅलेंडर हे प्रमाण १९९८ मध्येच ठरलं. प्रत्येक गटाने आपापलं कॅलेंडर ठेवावं, सामायिक पानाने ती सगळी एकत्र दाखवावीत. आपली नोंद आपणच बदलायची, दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नाही. रद्द झालेला कार्यक्रम पुसायचा नाही, ‘रद्द’ असं लिहून तिथेच ठेवायचा. मोबाइल न वापरणाऱ्यांसाठी महिन्याचं पान छापून चहाच्या टपरीवर लावावं, गुजराती, मराठी आणि हिंदीत.

सुरुवात एप्रिलच्या पानापासून करावी. १४ तारखेला आंबेडकर जयंती आहे, त्या दिवशी दुसऱ्या कुणी सभा लावू नये. आणि पडाव उठण्याआधीचा एक रविवार ऊसतोडवाल्यांसाठी आत्ताच राखून ठेवावा.