ग्रामसभा कोणत्या पानावर?

2021 ची गोष्ट. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शेजारचा सहावीतला पोरगा पुस्तक घेऊन ओट्यावर आला. "आबाजी, आपल्याइथं ग्रामसभा कधी भरते जी? सरांनी पाहून यायला सांगितलं."

मी म्हटलं, "बाळा, थोडा उशीर केलास."

2020 सरता सरता आमच्या घुग्घुसची नगर परिषद झाली होती. तीस हजारांवर वस्ती, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि कारभार ग्रामपंचायतीचा. मागणी जुनीच होती. पेढा मीही खाल्ला. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली, हे मात्र त्या पोराच्या प्रश्नानं ध्यानात आलं.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा धडा संपला की लगेच शहरी संस्थांचा सुरू होतो. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी; जोड्या लावा. ग्रामसभेची जोडी कशाशी लावायची? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे. त्यात यादीत नाव असलेला कोणताही मतदार उठून नालीचा हिशेब मागू शकतो. (मागतो किती जण, ते सोडा. आमच्याकडं कोरम भरायचीच मारामार.) नगर परिषदेच्या सभेत बोलतात ते सदस्य. राज्यघटनेनं प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्याही तीन लाखांवरच्या शहरांना. पुढची कितीतरी वर्षं तर सदस्यही नव्हते, प्रशासकच होता. तो पोरगा दहावीला बसला तरी त्यानं आपल्या गावचा नगराध्यक्ष पाहिला नव्हता. पेपरात मात्र लोकशाहीवर उत्तर लिहून आला.

ग्रामसभा पाहायचीच तर इथून गडचिरोलीकडं निघालं की धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) लागतं. चारपाचशे वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा तिथले, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं बसलेले. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बोलायचं. बहुमतानं उरकायचं नाही. कायद्याची कलमं अशीच तोंडी झाली. 2009 मध्ये 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आलं. ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला तास मला तरी ठाऊक नाही. त्याला घंटा नव्हती आणि गुणही नव्हते.

इंग्लंडनं 2002 पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा स्वतंत्र, सक्तीचा विषय केला. आपल्याकडं तो इतिहासाच्या शेपटाला. परीक्षा तोंडावर आली की सर म्हणतात, "हे घरी वाचून घ्या." सरांना तरी काय बोलणार, जनगणना त्यांनीच करायची, मतदार याद्याही त्यांनीच. नागरिकशास्त्र खरं जगतो तो मास्तरच, फक्त वर्गाबाहेर.

त्या दिवशी पोरानं वहीत काय लिहिलं, ते मी पाहिलं. 'आमच्या गावात ग्रामसभा होत नाही, कारण आमचं गाव आता मोठं झालं आहे.' खाली सरांची लाल बरोबरची खूण होती.