नळ आमचा, उधळपट्टी त्यांची

ठाण्यातल्या कोपरीत एका व्याख्यानात परवा विद्वान वक्त्यांनी फैसला सुनावला. शहापूर-जव्हारच्या पाड्यांवर सरकार वर्षानुवर्षे पैसा ओततेय, शाळा झाल्या, दवाखाने झाले, गरिबी जिथल्या तिथे. तेव्हा हा खर्च बंद करा, खात्यात रोख रक्कम टाका आणि मोकळे व्हा. मोकळे कोणी व्हायचे, ते सांगितले नाही. टाळ्या मात्र पडल्या.

आधी पाण्याचेच बघू. ठाण्याच्या नळाला भातसाचे पाणी येते. ते धरण शहापूर तालुक्यात. तानसाही तिथलाच, 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकर विहिरीत रिता होतो, बायका ते गढूळ पाणी दोराने शेंदतात आणि हंड्याच्या तोंडाला फडके बांधून गाळतात. पुढची खेप कधी, कोणी सांगत नाही. आई विहिरीवर अडकली की तिचा रोज बुडतो आणि थोरलीची शाळा, कारण धाकट्याला सांभाळणार कोण? आता या घराच्या खात्यात टाका रोख रक्कम. त्यातून तिने काय घ्यावे, जलवाहिनी? ती एकट्यादुकट्या घराला विकत मिळत नाही, सरकारलाच टाकावी लागते. आपल्यासाठी टाकली तेव्हा ‘त्यापेक्षा ठाणेकरांना रोख द्या’ असे कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही.

शाळा ओस आहेत म्हणे. मास्तरच नेमला नाही, तर दुसरे काय होणार? पैसा मधल्यामध्ये मुरतो म्हणे. मुरवणाऱ्यांना धरा. कोपरीच्या रेल्वेपुलाचे रुंदीकरण किती रखडले, म्हणून पूलच नको असे कोणी विद्वान म्हणाले नाहीत.

हा सूर जुनाच. रोजगार हमीलाही ‘खड्डे खणा, खड्डे बुजवा’ म्हणून हिणवले गेले. 1977 मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, शहरी पगारातून व्यवसायकर कापून तिला पैसा पुरवला. 2005 मध्ये देशाने तोच रस्ता धरला. हिणवणारे तेव्हा नव्या विषयाकडे वळले होते.

मग करायचे काय? पाणी, अंगणवाडी, उपकेंद्र यांवरचा खर्च वाढवा आणि तो चालता ठेवा. इमारतीबरोबर परिचारिका द्या, नळाबरोबर दुरुस्तीवाला द्या. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटर खरोखर पोचतात का, ते ग्रामसभेत तपासा. एकट्या नळाने गरिबी हटणार नाही, पण बाईचा रोज वाचेल आणि पोरगी वर्गात बसेल.

आणि रोखीचाच आग्रह असेल, तर भातसाच्या पाण्याचे मोल ठाणे-मुंबईने शहापूरच्या पाड्यांना रोख मोजावे. तसा ठराव करू, सूचक म्हणून वक्त्यांचेच नाव घालू.