मुलांवरचा अत्याचार कळला आणि गप्प बसलात तर?

बदलापूर, ऑगस्ट 2024. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही, मग शाळेवर कारवाई का नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं. त्यामागे आहे 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19. लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवावाच लागतो. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत.

हिंगोलीच्या गावांत हे कोण सांगणार? कागदावर ग्राम बाल संरक्षण समिती आहे: सरपंच, अंगणवाडी सेविका वगैरे. प्रशिक्षण खरं तर त्यांनाच हवं. ऊसतोडीला आई-बाप गेले की लेकरं आजी-आजोबांकडे राहतात. लेकरू अचानक गप्प झालं, एखाद्या माणसाला घाबरू लागलं, तर ते आधी सेविकेच्याच लक्षात येऊ शकतं. पण संशयित बहुतेकदा ओळखीचा, भावकीतला. मग ‘गावात मिटवू’ सुरू होतं. पुरावा गोळा करणं गावाचं काम नाही, पोलिसांचं आहे. लेकराला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1098 वर फोन मोफत आहे. जबाब घरीही घेता येतो, तोही गणवेशाशिवाय.

आणि ‘न्याय द्या’ म्हणत पीडित मुलाचा फोटो फॉरवर्ड केला, तर कलम 23 नुसार तोही गुन्हाच.